तीनदा भाजलेली धूळ

ता. ५ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार घालण्याइतकी इथली जमीन स्वच्छ नाही, तेव्हा उभ्याउभ्याच नमस्कार.

तुझं पत्र दोन आठवड्यांपूर्वी पाण्याच्या टँकरबरोबर आलं. केंद्राचा फोन मागच्या वादळात मुका झाला तो अजून बोलत नाही. त्यामुळे माझा जगाशी संबंध आठवड्यातून एकदा, तोही टँकर-ड्रायव्हरच्या सीटखालून येतो.

तर तुमच्या नाटकाला खरीखुरी वाळवंटी धूळ हवी! रंगवलेली पावडर दिव्यांखाली खोटी दिसते आणि तुमचा नायक वाळवंट तुडवून आलाय असं न वाटता पिठाच्या गिरणीतून आलाय असं वाटतं, हे तुझं म्हणणं पटलं. कपडेपट सांभाळणाऱ्या बाईला हे दिसतं आणि दिग्दर्शकाला दिसत नाही, यात मला नवल वाटलं नाही. नवल याचं वाटलं की आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे धूळ मागितली. आजवर सगळे मला 'आधी झटक आणि मग आत ये' एवढंच म्हणाले आहेत. त्यात पहिला नंबर तुझा.

पण ताई, धूळ मागणं सोपं आहे. तू लोकांना 'माझा भाऊ वाळवंटात काहीतरी करतो' असं सांगतेस, ते काहीतरी म्हणजे काय ते एकदा ऐकून ठेव. केंद्राच्या गच्चीवर हवा ओढणारं एक यंत्र आहे. त्यातल्या कागदावर धूळ बसते, आणि त्या धुळीत बुरशीचं बी किती आहे ते मी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतो. हे बी डोळ्यांना दिसत नाही. ते उन्हातान्हात वर्षानुवर्षं गप्प पडून राहतं, वारा सुटला की उठतं आणि माणसाच्या छातीत ओल आणि ऊब मिळाली की तिथे बिऱ्हाड थाटतं. इथे नव्याने आलेल्या माणसाला खोकला, ताप, सांधेदुखी होते. आम्ही त्याला मातीचा ताप म्हणतो. बहुतेकांचा आपोआप उतरतो. काहींचा उतरत नाही, आणि त्यांना इथून स्ट्रेचरवरून नेताना मी पाहिलं आहे. मला तो पहिल्याच वर्षी होऊन गेला, तेव्हापासून बुरशी माझ्या वाटेला जात नाही. ओळखीचा माणूस म्हणून सोडून देते.

म्हणून तुझी धूळ मी भट्टीत भाजली. एकदा नाही, तीनदा. मग चिमूटभर काचेच्या ताटल्यांवर पसरून आठवडाभर उबेत ठेवली. काही म्हणजे काही उगवलं नाही. इतकी मेलेली धूळ जगात दुसरी नसेल. रंग मात्र सुंदर आहे, मुद्दाम लालसर निवडली. बरणीवर सूचना चिकटवल्या आहेत त्या वाचणे आणि पाळणे.

बरणी फुटू नये म्हणून माझ्या जुन्या कोटात गच्च गुंडाळली आहे. तोच, नोकरीला निघताना तू शिवून दिलेला. रोज अंगावर असतो. उजवी बाही खांद्यापाशी उसवली आहे. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही असा तुझाच हुकूम आहे आणि इथल्या खाऱ्या पाण्यात धुवायचा नाही असाही तुझाच हुकूम आहे. दोन्ही पाळले. एका दगडात दोन पक्षी.

कळावे. लोभ असावा, धूळ नसावी.

तुझा,
धाकटा


ता. १६ फेब्रुवारी

चि. बुरशीसम्राटास,

अनेक आशीर्वाद आणि एक चापट. चापट कशाबद्दल ते पुढे येईल.

बरणी सुखरूप पोचली. तुझ्या सूचनांची चिठ्ठी बरणीपेक्षा मोठी आहे. 'तोंडाला मास्क लावणे. खिडकी उघडणे. फुंकर न मारणे. हसत असल्यास झाकण न उघडणे.' अरे, मेलेल्या धुळीचे एवढे सोपस्कार? पण पाळले हो सगळे. रंगमंचावर दारं-खिडक्या उघडून, मास्क लावून नायकाच्या कपड्यांवर धूळ थापली. दिग्दर्शक म्हणाले, 'बाई, तुम्ही कपडे रंगवताय की ऑपरेशन करताय?' पण दिवे लागले आणि त्यांची बोलती बंद झाली. पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि मला हात जोडले. नायक तर धुळीच्या प्रेमातच पडला आहे. प्रवेश नसला तरी लोळतो.

आता चापट. कोटाची काय दशा करून ठेवली आहेस! मी जन्माला घातलेला कोट आहे तो, माझ्यासमोर असा यायची त्याला लाज वाटली असेल. कपडेपटाची खोली तुला आठवते ना, जिन्याखालची, बिनखिडकीची? तिथे मास्क खुंटीला लावला, दातांत टाचण्या धरल्या आणि कोट दोन्ही हातांनी झटकला. खोलीत ढग उतरला रे! खिसे उलटे केले तर त्यातून आणखी एक वाळवंट निघालं. मशीन, कपाट, मी, सगळे एका रंगाचे झालो. शिंकून शिंकून टाचण्या इकडेतिकडे उडाल्या. आरशात पाहिलं तर नायकाऐवजी मीच वाळवंट तुडवून आले होते.

बाही शिवली आहे. शिवण कुठे आहे ते शोधून दाखव, बक्षीस देईन. पण कोट लगेच पाठवत नाही. थिएटरात भिंती इतक्या जाड की तालमीला हाडं गारठतात. थोडे दिवस मीच घालणार आहे. तुझे भावोजी म्हणाले, 'तू त्याच्यासारखी दिसतेस.' लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून याहून लांब वाक्य मिळत नाही, म्हणून स्तुती समजून घेतली.

तुझी,
ताई


ता. २५ फेब्रुवारी

ती. ताईस,

तुझं पत्र मी टँकर-ड्रायव्हरला मोठ्याने वाचून दाखवलं. कोट झटकल्याचा प्रसंग ऐकून तो पोट धरून हसला, मग मीही हसलो. त्याने पुन्हा वाचायला लावलं. तू कपडेपटात उगाच अडकलीस, खरं तर रंगमंचावर हवी होतीस.

माझ्या धुळीने दिग्दर्शकांना हात जोडायला लावले हे वाचून छाती फुगली. वरिष्ठांना कळवलं आहे की आपल्या केंद्राच्या कामाचा कलेच्या क्षेत्रातही उपयोग होतो. उत्तर आलेलं नाही.

इथे माझा दरारा वाढला आहे. केंद्राच्या दारावर मी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: 'बाहेरचे कपडे आत आणू नयेत. धूळ कपड्यावर बसून घरात शिरते.' काल नवा कारकून अंगातलं जाकीट न काढता जेवायला बसला, त्याला अर्धा तास झापलं. बिचाऱ्याचं जेवण गार झालं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला मी येऊ शकत नाही, पण माझी धूळ तिथे असेलच.

लोभ असावा, धूळ नसावी.

धाकटा


ता. २० मार्च

चि. धाकट्यास,

पहिला प्रयोग दणक्यात झाला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी विंगेत खुर्चीवर बसून वाजवल्या, कारण उभं राहवत नव्हतं.

काळजीचं काही नाही, पण मला जरा खोकला झाला आहे. थोडासा तापही. शहाणा आहे ताप, दिवसा कामाच्या वेळी येत नाही, संध्याकाळ झाली की येतो. गुडघे, घोटे असे धरले आहेत की जिना चढायला लागले की शेजारच्या आजीबाई मला पुढे जायला वाट देतात. नडग्यांवर लाल गाठी आल्या आहेत, हात लावू देत नाहीत. वजन उतरलं. एरवी त्यासाठी मी काय काय केलं नसतं! आता फुकटात उतरलं तर कपडे सगळे ढगळ, आणि स्वतःचे आत घ्यायला शिंपिणीला वेळ नाही.

आमच्या डॉक्टरांनी आधी साध्या खोकल्याच्या, मग कडक गोळ्या दिल्या. फरक नाही. त्यांनी विचारलं, 'घरात, कामावर काही नवीन?' मी तुझ्या धुळीचं सांगितलं. त्यांचे डोळे विस्फारले. मी म्हटलं, 'अहो, तीनदा भाजलेली आहे.' ते म्हणाले, 'बाई, पोळीसुद्धा तीनदा भाजली तरी कच्ची राहू शकते.' त्यांना छातीच्या मोठ्या डॉक्टरांकडून बुरशीची तपासणी करून घ्यायची आहे. नमुना लांबच्या शहरात पाठवावा लागतो आणि निकालाला वेळ लागतो.

ही गोष्ट थिएटरात फुटली आणि तुझी बरणी दिग्दर्शकांनी चिमट्याने उचलून बाहेर नेली. कालपरवापर्यंत मला हात जोडत होते, आता लांबूनच बोलतात. खरं सांग, तुझी धूळ मेली होती ना? रागावू नकोस. मला फक्त डॉक्टरांना काय सांगायचं ते कळायला हवं.

तुझी,
ताई


ता. २८ मार्च

ती. ताईस,

रागावलो नाही. फक्त पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितो आहे.

ताई, माझी अक्कल काढ, माझं गाणं काढ, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेव. पण निदान बुरशीच्या बाबतीत तरी? जगात मला जी एक गोष्ट येते ती हीच आहे. ती पण काढून घेतलीस तर माझ्याकडे फक्त टक्कल उरतं.

सोबत केंद्राचा दाखला जोडला आहे, शिक्का आणि माझी सही असलेला: 'सदर धूळ तपासली असता तीत कोणतीही जिवंत बुरशी आढळली नाही.' तो मोठ्या डॉक्टरांना दाखव आणि म्हणावं, बुरशीच्या मागे लागून वेळ घालवू नका, दुसरं काय ते शोधा. साधा हिशेब कर. तुझा नायक त्या धुळीत रोज लोळतो, त्याला साधी शिंक नाही. धूळ थापताना तू मास्क लावून होतीस. मग त्याला सोडून बुरशी तुलाच कशी गाठेल? नडगीच्या गाठी दिवसभर मशीनचं पायडल मारून आल्या असतील. सांधे वयाने धरतात. आपण कितीही नाकारलं तरी तुझं वय माझ्यापेक्षा जास्त आहे.

खोकल्याला गरम पाण्याची वाफ घे. थिएटरात गारठा असतो म्हणालीस, अंगावर काहीतरी उबदार ठेव.

तुझा,
(तज्ज्ञ) धाकटा


ता. ६ एप्रिल

श्री. मेहुणे यांस,

नमस्कार. मला पत्र लिहिता येत नाही. गरजेपुरतं लिहितो.

ती हॉस्पिटलात आहे. आठ दिवस झाले. फुफ्फुसावर उजवीकडे सावली आहे, वाढते आहे. श्वास अर्धा होतो. क्षयाची तपासणी झाली, क्षय नाही. मोठे डॉक्टर बुरशीची तपासणी करणार होते. तुमचा दाखला वाचला आणि म्हणाले, केंद्राच्या तज्ज्ञाने खात्री दिली आहे तर तो प्रश्न मिटला. आता त्यांना वाटतं की ही नुसती अंगातली सूज आहे. पुढच्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा फोटो काढणार. उतार नसेल तर स्टेरॉइड सुरू करणार.

तुम्हाला कळवू नको म्हणाली. तो एकटा असतो, घाबरेल, म्हणाली. मी कळवतो आहे. लिफ्ट मजल्यांच्या मध्ये अडकली की आम्ही आधी एकच विचारतो, शेवटचा हात कुणी लावला. इथे कुणालाच काही सांगता येत नाही.

वॉर्डात गार असतं. तिच्या अंगावर तुमचा कोट आहे. रात्री तोंडापर्यंत ओढून घेते. नर्स काढू म्हणाली तर काढू देत नाही.

तुम्हाला काही सुचत असेल तर कळवा. मला ती घरी हवी आहे.

आपला,
भावोजी


ता. १३ एप्रिल

ती. भावोजींस नमस्कार.

पत्र आत्ता हातात पडलं. टँकर टाकीत पाणी सोडतो आहे, तेवढ्यात लिहितो म्हणजे तोच घेऊन जाईल. घाईत आहे, अक्षर सांभाळून घ्या.

ताईच्या पत्रानंतर मी माझ्याकडे उरलेली तीच धूळ पुन्हा ताटल्यांवर लावली. मनात चोर होता म्हणून लावली. आज सकाळी पाहिलं, सगळ्या कोऱ्या. तेव्हा धूळ मेलेली होती हे त्रिवार सत्य. हातच्या कांकणाला आरसा कशाला, तो नायक ठणठणीत फिरतोय. पण मला स्वस्थ बसवत नाही. खोकला, संध्याकाळचा ताप, सांधे, नडगीवरच्या गाठी. हेच इथल्या एखाद्या नव्या माणसाला झालं असतं तर मी दारातूनच ओळखून मातीचा ताप म्हटलं असतं. पण ताईकडे माती येणार कुठून? वाळवंट थोडंच चालत तिच्या घरी गेलं?

ती माझा कोट तोंडापर्यंत ओढून झोपते हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. तिला म्हणावं, त्याला भावाचा वास बिस काही नाही, इतक्या वर्षांची इथली धूळ मुरलेली

भावोजी.

कोट काढा. तिच्या अंगावरून आत्ता काढा. झटकू नका. ओला करून पिशवीत बांधा, हातमोजे घाला, आणि डॉक्टरांच्या ताब्यात देऊन जाळायला लावा.

मी मेलेली धूळ जिवंत धुळीत गुंडाळून पाठवली. तीनदा भाजली, बरणीत भरली, झाकण मेणाने बंद केलं, आणि वर माझा न धुतलेला कोट गुंडाळला. तो तिने बंद खोलीत झटकला. मला लिहून कळवलं होतं तिने, सगळं, ढगासकट. मी ते वाचून हसलो. मोठ्याने वाचून दुसऱ्यालाही हसवलं. त्याच पत्राच्या उत्तरात बाहेरचे कपडे आत आणू नयेत ही माझी पाटी मी तिला कौतुकाने कळवली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण माझ्यासाठीच करून ठेवली असेल. अंगावर काहीतरी उबदार ठेव, हेसुद्धा मीच लिहिलं.

तो दाखला फाडा. डॉक्टरांना सांगा, स्टेरॉइड देऊ नका. सूज उतरल्यासारखी वाटेल पण बुरशीला रान मोकळं मिळेल. बुरशीची तपासणी आजच करा आणि तिचं औषध सुरू करा. हा ताप एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा तिच्याजवळ बसा.

ड्रायव्हर हॉर्न देतोय. मी त्याच्याबरोबर चौफुल्यापर्यंत जातो, तिथे फोन आहे. हॉस्पिटलात लावतो, लागेपर्यंत लावतो. पत्रही तिथेच पेटीत टाकतो. फोन लागला तर हे वाचायची गरज नाही. नाही लागला तर कृपा करून 'कोट काढा' हे वाक्य दोनदा वाचा.

भावोजी, तिला काही झालं तर


ता. ९ मे

चि. धाकट्यास,

घरी आले. उशीला टेकून लिहिते आहे. चार ओळी लिहिल्या की भावोजी कागद काढून घेतात, म्हणून हे पत्र तीन दिवसांचं आहे.

फोन लागला तेव्हाचा प्रसंग मी आत्तापर्यंत चार वेळा सांगायला लावला. खरखर चालली होती आणि तू नुसता 'कोट! कोट!' ओरडत होतास. भावोजींना वाटलं तुला तो परत हवाय. ते म्हणाले, 'पाठवतो, आधी ती बरी होऊ दे.' मग म्हणे तू इतका रडलास की त्यांनी घाबरून फोन डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टरांनी विचारलं, 'पण तज्ज्ञाचा दाखला आहे ना?' तू म्हणालास, 'तो एका गाढवाने लिहिलाय.' ते म्हणाले, 'त्या गृहस्थांशी बोलता येईल का?' तू म्हणालास, 'बोलताय.' ही गोष्ट आता सगळ्या वॉर्डाला पाठ आहे. मी खोकत खोकत हसले, आणि त्या हसण्याने बरगडी दुखली ते अजून दुखतंय.

स्टेरॉइडची पहिली गोळी दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती. मला नंतर सांगितलं. तपासणीत तुझी बुरशीच निघाली. डॉक्टरांनी निकालाची वाट न बघता तिच्या गोळ्या सुरू केल्या होत्या म्हणून निभावलं. अजून पुष्कळ महिने घ्यायच्या आहेत. चार पावलं चालले की बसावं लागतं. छातीच्या फोटोत एक डाग कायमचा राहणार म्हणे. मी म्हटलं राहू द्या, धाकट्याने आजवर दिलेल्या वस्तूंमध्ये टिकलेली ही पहिलीच.

राग आला का म्हणशील. आला. कोटाचा नाही आला. कोट मीच झटकला, तुझी सूचनांची चिठ्ठी समोर असताना मास्क खुंटीला लावून झटकला, बावळटपणात मी काही तुझ्यामागे नाही. राग दाखल्याचा आला. मी विचारलं होतं, धूळ मेली होती ना, आणि तू मला शिक्का पाठवलास. ताई आजारी आहे हे तुझ्या डोक्यात शिरलं नाही, तज्ज्ञावर शंका घेतली एवढंच शिरलं. हे बोलून टाकलं, आता मनात काही नाही.

तू फोनवर रजा काढून येतो म्हणाला होतास. महिना होत आला. तुझा पत्ता नाही. आता काय टँकरला पाय फुटायची वाट बघतोस?

तुझी,
ताई


ता. १८ मे

ती. ताईस,

या वेळी साष्टांग नमस्कार घातला. जमिनीवर, धुळीत, खरोखरचा. ड्रायव्हरने विचारलं काही पडलंय का. म्हटलं, हो.

तुझं पत्र वाचून पोटभर रडलो. मग तू घरी आलीस हे वाक्य पुन्हा वाचलं आणि पुन्हा रडलो. दाखल्याबद्दल तू जे लिहिलंस ते खरं आहे. म्हणून केंद्राच्या कागदावर मी एक नवा दाखला लिहिला आहे, शिक्का मारून डॉक्टरांना पाठवतो आहे: 'तपासलेली वस्तू: धूळ. न तपासलेली वस्तू: तपासणारा.' दारावरच्या पाटीखाली आता माझं नाव गुन्हेगार म्हणून लिहिलं आहे. नव्या कारकुनाची माफी मागितली. त्याला वाटलं मी आजारी आहे.

यायचं म्हणशील तर रजा मंजूर आहे. दोनदा पिशवी भरली. पहिल्यांदा वाटलं की पिशवीत धूळ असेल, ती धुतली. दुसऱ्यांदा वाटलं माझ्या बुटांत असेल. मग केसांत असेल. केस उरलेत किती, तरी धुतले. खरं कारण सांगू? मी तुमच्या दारात उभा राहिलो आणि तू मला बघून खोकलीस तर मी काय करू, ते मला कळत नाही. आयुष्यभर इथे वारा किती वाईट हे लोकांना सांगत आलो, आणि माझ्या बहिणीपर्यंत बुरशी पोचवायला वारासुद्धा लागला नाही. मी पुरलो.

आणखी एक गोष्ट, हसशील. तो कोट जळला हे बरंच झालं. पण तू बाही शिवली होतीस, शिवण शोधून दाखव म्हणाली होतीस. ती मला बघायलाच मिळाली नाही. त्याचं वाईट वाटतं.

तुझा,
धाकटा


ता. २७ मे

चि. धाकट्यास,

लांबलचक पत्र लिहायला मला अजून दम नाही आणि तुझ्याशी वाद घालायला तर मुळीच नाही, तेव्हा थोडक्यात.

जाड खाकी कापड आणून ठेवलं आहे. भावोजींनी आणलं, रंग जरा चुकवला आहे, बोलू नकोस. नवा कोट शिवणार आहे. रोज एकच शिवण, जेवढा श्वास पुरेल तेवढी. शिवण शोधायची असेल तर समोर बसून शोध. मापं टपालाने पाठवलीस तर फाडून टाकीन, तुझ्या मापांवर माझा आता विश्वास नाही.

मी खोकेन. तुला बघून नाही, जिना चढून येणाऱ्या कुणालाही बघून खोकते. तेवढं ऐकून घ्यायची तयारी ठेव आणि पुढच्या टँकरने नीघ. हात रिकामे असू देत.

आणि हो, दारात अंग झटकत उभा राहू नकोस. तसाच आत ये.

ताई